मधल्या खोलीतला लिंब

“माझा फोटू काढनार असाल, तरच वाट दाखवते,” राहीबाई म्हणाली.

राधाकृष्ण खांद्यावरची पिशवी सावरत थांबला. नगरात त्याचा लहानसा स्टुडिओ होता. लग्नामुंजीचे फोटो काढून पोट भरायचं आणि सुटी मिळाली की एसटी धरून ओसाड इमारती शोधत हिंडायचं, हे त्याचं वेड. छपरातून वर गेलेली झाडं, वेलींनी गिळलेल्या भिंती, असलं काही दिसलं की तो तहानभूक विसरायचा. एकाहत्तर सालची दिवाळी नुकतीच सरली होती. काष्टीच्या बाजारात त्याला कुणीतरी सांगितलं, की नदीकाठचं एक गाव पुरानंतर उठून माळावर गेलं आणि जुनं गावठाण वीसेक वर्षं तसंच पडून आहे.

“बाई, तिथं मी माणसांचे फोटो काढत नाही. माणूस आला की सगळं बिघडतं.”

“बिघडू द्या की.”

पंचेचाळिशीची बाई. डोक्यावर गवताचा भारा, पण नजर सरळ. दुसरं कुणी वाट दाखवायला तयार नव्हतं. राधाकृष्ण ‘बरं’ म्हणाला. तिनं भारा घरी टाकला आणि ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, केस विंचरून परत आली.

जुन्या गावात घाणेरी माजली होती. राहीबाई काटे चुकवत पुढं चालली होती, डोळे मिटूनही चालली असती अशी.

“हे सोनाराचं. नवराबायकोची लई भांडनं हुयाची. हे वान्याचं. सनाच्या दिशी हितं सकाळधरनं पुरनाचा वास सुटायचा.”

शाळेची एक भिंत पिंपळानं फोडली होती. मुळं फळ्याच्या जागेवरून खाली उतरली होती आणि फटीतून ऊन आत आलं होतं. राधाकृष्णनं आनंदानं स्टँड लावला.

“त्या खिडकीपाशी माझी जागा,” राहीबाई म्हणाली. “दोन इयत्ता शिकले.” ती खिडकीजवळ गेली आणि बाहेर बघत राहिली. “आतनं येगळंच दिसतंय.”

“झाड वाढलंय ना.”

“व्हय. झाड लई वाढलंय.”

“इथं काढू तुमचा फोटो?”

“हितं नको. म्होरं.”

पुढं एक मोठं दगडी घर होतं. छप्पर कधीच गेलेलं, पण भिंती धडधाकट. मधल्या खोलीची फरशी उचकटून एक लिंब सरळ आभाळात गेला होता. असलं झाड राधाकृष्णनं आजवर पाहिलं नव्हतं. त्यानं आत शिरून भराभर फोटो घेतले. राहीबाई मात्र बाहेरच उभी होती.

“ह्या दारात लहानाची मोठी झाले मी,” ती हळू आवाजात म्हणाली. “आईचा समदा जलम ह्या दारात गेला.”

मग तिनं नव्या नवरीसारखा उजवा पाय उचलला आणि उंबरा ओलांडला. आत आल्यावर भिंतींवरून हात फिरवला, स्वयंपाकघरात डोकावली, मोडक्या चुलीला बोटं लावली. राधाकृष्ण गुमान बाजूला झाला. माहेर कसंही असलं तरी माहेरच, त्याच्या मनात आलं.

राहीबाई लिंबाच्या बुंध्याला टेकून ऐसपैस मांडी घालून बसली. पदर नीट केला.

“काढा आता.”

तेवढ्यात बाहेर सायकल आपटल्याचा आवाज आला. पन्नाशीचा, पांढऱ्या टोपीतला एक माणूस धापा टाकत दारात उभा राहिला.

“राही! भाईर हो.”

“न्हाई होत, काकासाहेब.”

“कुनाला इचारून आत गेलीस?”

“कुनालाच न्हाई.”

“गाव उठलं म्हनून घर सोडलं न्हाई आमी. तुझी आई जलमभर ह्या दारात राबली, पर कदी मान वर केली न्हाई तिनं.”

“तिनं केली न्हाई, म्हनून तर मी आले.”

“आबा असते तर…”

“असते तर त्यांच्यासमोर बी बसले असते.”

काकासाहेबांचा चेहरा लाल झाला. राधाकृष्णकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. “पाव्हनं, ह्यो आमचा आमच्यातला मामला हाय. तुमी सामान भरा आन् निघा.”

राधाकृष्णला सगळं उमगलं. लेकीला साडीचोळी देऊन वाटेला लावायचं आणि घरदार भावांनी दाबून बसायचं. त्याच्या थोरल्या बहिणीचंही असंच झालं होतं, आणि तेव्हा तो गप्प बसला होता.

“बाईंना शब्द दिलाय मी,” तो म्हणाला. “फोटो निघणारच.”

काकासाहेबांनी पुढं होऊन कॅमेऱ्यावर पंजा धरला.

राहीबाई जागची हलली नाही. “धरा की हात. हात बी येऊ द्या फोटूत. नगरात लोक इचारतील, काकासाहेब कशापायी आडवे आले. सांगा मग, कशापायी ते.”

हात चटका बसल्यासारखा मागं गेला. राधाकृष्णनं कळ दाबली.

“आनखी एक,” राहीबाई म्हणाली.

माणसं नको म्हणणाऱ्या राधाकृष्णनं रीळ संपेपर्यंत तिचेच फोटो काढले. काकासाहेब काही वेळ दारात धुमसत उभे राहिले, मग सायकल ढकलत निघून गेले.

माळाकडे चढताना राधाकृष्णला राहवेना. “राहीबाई, फोटो धाडतो मी. कोर्टात लावा. घरात लेकीचाही हिस्सा असतो. आणि ह्या तुमच्या भावाला भिऊ नका. सख्खा का चुलत?”

राहीबाई थांबली. त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग पोट धरून हसत सुटली.

“भाऊ?” पदरानं डोळे पुसत ती म्हणाली. “आवो, आमी गावकुसाभाईरचे. ह्या गावातल्या कुठल्या बी उंबऱ्याच्या आत मी आज पैल्यांदाच पाय ठिवला.”