चित्रामागचा मजकूर

"आई, गॅस बंद कर आणि तशीच चल!" मुक्ता दारातूनच ओरडली. "नोराबाईंच्या चित्रामागे रशियन निघालंय!"

विभावरीबाईंच्या हातातलं कुकरचं झाकण ओट्यावरच राहिलं. आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डला लेकीकडे येऊन त्यांना दोन महिने झाले होते. पुण्यात त्यांनी सव्वीस वर्षं रशियन शिकवलं होतं. पुढेपुढे वर्गात तीनच मुलं उरली आणि वर्ग बंद पडला. त्यानंतर कुणी त्यांना रशियनमधलं एक अक्षर विचारलं नव्हतं. आज गुडघ्यांचं दुखणं विसरून त्या ओल्या हिरवळीवरून तरातरा शेजारच्या घरात शिरल्या.

एक्क्याऐंशी वर्षांच्या नोराबाई जेवणाच्या टेबलापाशी उभ्या होत्या. टेबलावर चित्र पालथं ठेवलेलं होतं. गावाबाहेरच्या एका जुन्या हवेलीत रशियन उमरावांच्या बागा आणि चित्रसंग्रह यांचं प्रदर्शन भरणार होतं. तीन वाजता प्रदर्शनवाल्यांची गाडी चित्र न्यायला यायची होती. भिंतीवरून काढताना मागचा तपकिरी कागद फाटला आणि आतली अक्षरं दिसली.

चित्राची गोष्ट नोराबाई सगळ्या गल्लीला सांगत. त्यांची आजी, ब्रिजिट, सतराव्या वर्षी रशियाला गेली होती, पीटर्सबर्गजवळ एका प्रिन्सच्या उन्हाळी महालात मुलांना इंग्रजी शिकवायला. चाळीस दालनं भरून चित्रं, पायऱ्यापायऱ्यांनी तळ्यापर्यंत उतरलेली बाग, प्रत्येक पायरीवर संगमरवरी पुतळे. प्रिन्सची थोरली मुलगी लिझा हिच्याशी तिची मैत्री जमली. क्रांतीनंतर आजी जीव मुठीत धरून परत आली ती हे एवढंच चित्र घेऊन. निळ्या रेशमी पोशाखात बागेच्या पायरीवर उभी असलेली राजकन्या लिझा.

"वाचता येतंय का, विभा?" नोराबाईंनी विचारलं.

विभावरीबाईंनी चष्मा पुसला. शब्दांच्या शेवटी ती जुनी अक्षरं होती, पुढे रशियनांनी टाकून दिलेली. पहिल्यांदा जीभ अडखळली, मग सुटली. त्या मोठ्याने वाचू लागल्या आणि वाचतावाचता हसू लागल्या.

"'ही आमची ब्रिजिट. माझा निळा पोशाख घालून. इतकी हसत होती की ओठ नीट काढताच आले नाहीत. लिझा, जुलै १९१४.' अहो नोरा, ही राजकन्या नाहीच! ही तुमची आजी आहे! राजकन्येने तिचं चित्र काढलंय!"

"काय सांगतेस!" नोराबाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "म्हणजे साठ वर्षं मी माझ्याच आजीवरची धूळ झटकत होते? आणि त्या लोकांनी प्रदर्शनाच्या पाटीवर 'राजकन्या लिझा' छापलंय!" त्या लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत हसल्या. तिघींनी मिळून चित्र सुलटं केलं. लाल केस, गोल चेहरा, अपरं नाक, पुसट ओठ.

मुक्ताने हौसेने कपाटावरचा आजीच्या लग्नाचा फोटो आणला आणि चित्राशेजारी धरला. मग तिने दोन्ही चेहरे आळीपाळीने निरखले. डॉक्टर होती ती. फोटोतली नवरी उभट चेहऱ्याची होती. नाक लांब आणि सरळ.

"आई," ती मराठीत हळूच म्हणाली, "या दोघी वेगळ्या आहेत."

विभावरीबाईंनी चित्र पुन्हा पालथं केलं. खाली कोपऱ्यात, वेगळ्या शाईत, घाईघाईने लिहिलेल्या आणखी दोन ओळी होत्या. त्या त्यांनी मनातच वाचल्या.

"मुक्ता, हे सांगू का गं यांना?"

"मराठीत कुजबुजू नका," नोराबाई म्हणाल्या. "मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलंय. चेहऱ्यावरून कळतं मला. जे असेल ते वाच."

विभावरीबाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि वाचलं. "'१९१८. तिने तिचे कागद मला दिले आणि स्वतः मागे राहिली. तिच्या आईला हे मीच सांगेन.'"

नोराबाई खुर्चीवर बसल्या. लग्नाचा फोटो त्यांनी जवळ ओढला.

"आजीचे उच्चार इकडचेच होते," त्या म्हणाल्या. "फक्त कधीकधी विचित्र अडखळायची. परदेशात राहून आलीय, असं लोक म्हणायचे."

"लिझा इंग्रजी तुमच्या ब्रिजिटकडूनच शिकली असणार," मुक्ता म्हणाली.

बाहेर गाडी येऊन थांबली. ड्रायव्हरने बेल वाजवली. नोराबाईंनी मुक्ताला दाराकडे जाऊ दिलं नाही.

"थांब. आमच्या घरात एक गोष्ट सांगतात," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता, डोळे चमकत होते. "आजी परत आली तेव्हा डंगारव्हन स्टेशनवर अर्धं गाव जमलं होतं. चौदा वर्षांनी मुलगी येत होती ना! आजी उतरली. पणजीच्या गळ्यात पडली, कानात काहीतरी बोलली. पणजी मटकन खालीच बसली. आनंदाने बसली, असं आम्हाला सांगायचे."

"मग?" विभावरीबाईंनी विचारलं.

"मग ती उठली. आजीचा हात घट्ट धरला. आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, 'बघा, माझी ब्रिजिट आली.'"