लावून दाखवा

"आधी लावून दाखवा," प्रेमिला म्हणाली.

ओमप्रकाशनं कॅसेट काचेच्या काउंटरवर सरकवली. बर्डीच्या बाजारातल्या त्याच्या दुकानात घड्याळं, कॅल्क्युलेटर आणि आता कॉम्प्युटरच्या खेळांच्या कॅसेटही मिळत.

"भाभीजी, हे वांगे नाहीत दाबून पाहाले. घरी जा, लावा. चालते."

"मागची पण चालते म्हणूनच दिली होती. नाही चालली. तुम्ही म्हणाले, तुमच्या मशीनमध्ये खराबी. म्हणून आज मशीनच आणली."

तिनं कापडी पिशवीतून कॉम्प्युटर काढला. काळा, वहीएवढा, रबरी बटनांचा. मस्कतला असलेल्या तिच्या भावानं दिलेला. उमरेडपासून बसमध्ये तिनं तो मांडीवरून खाली ठेवला नव्हता.

तिचा नवरा जागेश्वर दुकानाच्या दारात पाठ करून उभा होता. मे महिन्याचं ऊन रस्त्यावर भाजत होतं आणि त्यानं अंगाभोवती शाल गुंडाळून घेतली होती.

"भाऊले ताप आहे का?" ओमप्रकाशनं विचारलं.

"तुम्ही मशीन लावा," प्रेमिला म्हणाली.

त्यानं कुरकुरत वायरी जोडल्या आणि टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट टाकली. छोट्या टीव्हीच्या पडद्यावर पट्टे थरथरू लागले, खेळ मशीनमध्ये उतरवताना टेपरेकॉर्डर किंचाळू लागला. घड्याळ बघायला आलेल्या दोन गिऱ्हाइकांनी कानांवर हात ठेवले.

"नवा खेळ घ्या ना. हा जुना झाला, कोणी विचारत नाही याले."

"नवा या मशीनवर चालत नाही. भावानं सांगितलं मले. मेमरी कमी आहे याची."

किंकाळी थांबली. पडद्यावर इंग्रजीत, आकडे घातलेल्या चार ओळी आल्या. ओमप्रकाशनं एकचा आकडा दाबला. जिना दिसू लागला, आणि जिन्याच्या तळाशी बोटाएवढा पांढरा माणूस. वरून दगड गडगडत येत होते.

"चालली. झालं समाधान?"

"खेळून पाहू द्या."

प्रेमिला स्टुलावर बसली. उजवा हात तिनं पदराखाली घेतला आणि एकट्या डाव्या हातानं बटनं दाबू लागली. पुढं-मागं जायची बटनं एका टोकाला, उडी मारायचं दुसऱ्या टोकाला. तिचा हात या टोकाहून त्या टोकाला धावला, पण तोवर दगड आला होता. माणूस पडला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला.

"अवं भाभीजी, दोन्ही हातानं खेळा ना! एक काहून लपवून राहिल्या?"

दोन्ही गिऱ्हाइकं हसली.

"मले नाही खेळाचं," प्रेमिला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "ज्याले खेळाचं आहे, त्याले एकच हात आहे."

हसणं थांबलं. जागेश्वर वळला.

"काहून सांगितलं वं? साऱ्या बर्डीले ओरडून सांग आता. उचल ते. चल."

ओमप्रकाश ओशाळला. "माफ करा भाऊ, मले काय माहीत. असं करा, ही कॅसेट तशीच घेऊन जा. माझ्याकडून."

"तशीच काहून?" जागेश्वर काउंटरपर्यंत आला. "तिनं तशीच मागितली का? मघापासून लावून दाखवा म्हणून राहिली, तर तुह्या जिवावर आलं होतं. अन् हात नाही ऐकलं तर फुकट? मी काय देवळाच्या पायरीवर बसलो का गा?"

"तुम्ही कुठं बसले ते मले विचारा!" प्रेमिला ताडकन उठली. "वर्ष झालं, खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले. कोणी आलं का बोलत नाही. ताट वाढलं का सरकवून देता. आज बाहेर निघाले, तर या उन्हात शाल घेऊन. मी काय सांगाचं लोकाइले? कॅसेट चालते, मशीन चालते, माणूसच चालत नाही, असं सांगू?"

जागेश्वर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून पडद्यावर गेली. तिथं त्या चार ओळी परत आल्या होत्या. खाणीत हात जाईपर्यंत तो तिथं फिटर होता. यंत्रांवरचं इंग्रजी वाचायची त्याला सवय होती.

"दुसऱ्या ओळीत काय लिहून आहे, वाचलं का कोणी?" तो ओमप्रकाशवर खेकसला. "बटनं बदलता येतात याची. विकून राहिला, अन् तुले मालूम नाही?" मग प्रेमिलाकडे वळून म्हणाला, "सरक वं."

तो स्टुलावर बसला. शाल खांद्यावरून घसरून फरशीवर पडली. कोपराखाली उजव्या बाहीला गाठ मारली होती. शाल उचलायला कोणी वाकलं नाही, तोही नाही. त्यानं दोनचा आकडा दाबला आणि डाव्या हाताच्या तीन बोटांखाली येतील अशी शेजारशेजारची तीन बटनं निवडली.

माणूस जिन्यावर चढला. पडला. जागेश्वरनं शिवी हासडली आणि पुन्हा सुरू केलं. या खेपेला माणूस तिसऱ्या पायरीपर्यंत गेला. पडला. जागेश्वरनं काउंटरवर मूठ आपटली, काचेखालची घड्याळं हलली.

दारात आणखी दोघं-तिघं येऊन उभे राहिले होते. त्यातलं कोणी घड्याळ मागत नव्हतं. ओमप्रकाशनं थोडा वेळ वाट पाहिली. "चालते ना भाऊ? पाहिलं ना? बस झालं, मले धंदा करू द्या," म्हणत त्यानं प्लगकडे हात नेला.

प्रेमिलानं त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नको."

"भाभीजी, हे दुकान आहे!"

"आधीच लावून दाखवलं असतं तर एवढा वेळ गेला नसता! आता थांब!"

"भांडाचं असंन तर बाहेर जा दोघंही!" जागेश्वर पडद्यावरची नजर न काढता ओरडला. "इथं माणूस वर चढून राहिला."