सात नंबरची बाटली

"तिसऱ्यांदा जाळून राहिली का वं?" ईश्वरदासनं दबक्या आवाजात विचारलं. "सांगतलो ना तुले, सात नंबर म्हनजे बेंझॉइक ॲसिड. अडुसष्ट टक्के कार्बन लिव अन् मोकळी हो."

नीतूनं मान हलवली, पण हात थांबवला नाही. चिमूटभर पांढरी भुकटी तोलून तिनं भट्टीतल्या नळीत सरकवली, ऑक्सिजन सोडला आणि पुढं जोडलेल्या दोन नळ्यांकडे बघत बसली. जळताना निघालेलं पाणी पहिली नळी शोषणार, कार्बन डायऑक्साइड दुसरी. नळ्यांचं वजन जेवढं वाढेल, त्यावरून भुकटीत हायड्रोजन किती अन् कार्बन किती, ते निघणार.

गोंदियाच्या त्या कॉलेजात ईश्वरदास एकतीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळत होता. एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलच्या दिवशी कोणत्या बाटलीत काय आहे ते पोरांच्या कानात सांगायचं, ही त्याची रीत. त्यात लोभ नव्हता, माया होती. पोरं मग भट्टी नावालाच पेटवायची आणि उत्तरावरून आकडे उलटे मांडायची. ही मात्र सकाळपासून पाणीसुद्धा प्यायली नव्हती. बाकीचे गरम नळ्याच तराजूवर ठेवत. ही नळ्यांची तोंडं बंद करून त्या थंड होईपर्यंत थांबे. सालेकसाकडची, मोहफुलं वेचून वाळवणाऱ्या घरातली पोर. ओलं वजन आणि वाळलं वजन यातला फरक तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. असे चोख हात ईश्वरदासनं इतक्या वर्षांत पाहिले नव्हते. अशी पोर वेळ अपुरा पडून मागं राहू नये, असं त्याला वाटत होतं.

तिनं वहीत लिहिलं, कार्बन साठ पूर्णांक आठ.

नागपूरहून आलेल्या परीक्षक मॅडमनी वही पाहिली, मग आपली यादी पाहिली. "सात नंबर बेंझॉइक ॲसिड आहे. हे कॉलेजचं चार वर्षांचं रजिस्टर. सगळ्यांना अडुसष्टच मिळालंय. तुलाच कसं साठ?"

"तीनदा जाळून पाहिलं, मॅडम. तिन्हीदा साठच आलं. हिशेबात बेंझॉइकपेक्षा एक ऑक्सिजन जास्त निघतो."

"मग तीनदा चुकलीस. बदलायचं असेल तर आत्ता बदल. नाहीतर मला नापास करावं लागेल."

नीतूचे डोळे भरून आले. वहीला तिनं हात लावला नाही. "जे आलं ते लिहिलं, मॅडम."

एक ऑक्सिजन जास्त! ईश्वरदासनं मागच्या फळीकडे पाहिलं. चार वर्षांपूर्वी ही बाटली त्यानंच भरली होती. फळीवर बेंझॉइक आणि सॅलिसिलिक ॲसिडच्या बरण्या शेजारी शेजारी, दोन्हीतली भुकटी पांढरीच, फक्त सॅलिसिलिकमध्ये एक ऑक्सिजन जास्त. जूनमध्ये तो निवृत्त होणार होता, सत्काराची पत्रिकाही छापून आली होती. गप्प बसला असता तर कोणाला काही कळणार नव्हतं. पण पोर तिथं उभ्या उभ्या नापास होत होती.

त्यानं एका परीक्षानळीत त्या भुकटीचे चार कण टाकले, पाणी घातलं आणि फेरिक क्लोराइडचा एक थेंब सोडला. बेंझॉइक असतं तर रंग मातकट आला असता. नळीतलं पाणी पिकल्या जांभळासारखं गर्द झालं.

"सॅलिसिलिक आहे, मॅडम. बाटली मीच चुकीची भरलो. पोरगी बरोबर आहे."

मॅडमनी नळी निरखून पाहिली. मग त्यांनी नीतूच्या वहीवर पूर्ण गुण मांडले, यादीतलं बेंझॉइक खोडलं आणि रजिस्टर पुढं ओढलं.

"आणि चार वर्षं या पोरांना अडुसष्ट कुठून मिळालं, ईश्वरदास?"

ईश्वरदासनं नळी स्टँडमध्ये ठेवली. नजर नीतूवर होती आणि त्या नजरेत कौतुक मावत नव्हतं.

"मी सांगत होतो, मॅडम. हिलेही सांगतलो होतो. पन पोरगी आयकली नाही."