नाशिकची जागा

त्या संध्याकाळीही अण्णा भंडाऱ्याच्या पंपघराच्या पायरीवर बसून महामंडळानं ठेवलेल्या आपल्या बोलत्या नोंदीला दिवसभराचं काम सांगत होते. "दोन नंबरच्या पंपाचं बेअरिंग बदललं. आता खडखड नाही."

नाशिकहून फोनवर ते ऐकणारी त्यांची लेक मृण्मयी हसली. "अण्णा, निवृत्ती तोंडावर आलीय. आता कसली बढती हवीय तुम्हाला?"

"नोंद ताजी असावी, बाळा. जागा कधी निघेल, सांगता येतं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

महामंडळात अंतर्गत जागांच्या मुलाखतींना माणसं येत नसत. त्यांच्या नोंदी येत आणि त्यांच्याच आवाजात बोलत. दिवसकार्य आटोपून मृण्मयी महामंडळाच्याच नाशिकच्या कचेरीत, आपल्या नोकरीवर, मुलाखती घ्यायला बसली, तेव्हा तिसरा उमेदवार खाकरला. तसं खाकरणारं जगात एकच माणूस होतं. अण्णांची नोंद बंद करायची राहून गेली होती, आणि जागा निघताच त्या नोंदीनं आपणहून अर्ज केला होता.

"ही तर खालची जागा आहे," मृण्मयी कसंबसं म्हणाली. "का हवीय?"

"नाशिकची आहे ना, मॅडम. माझी लेक तिथं असते. ती कधी 'या' म्हणाली नाही. पण बदलीच झाली, तर तिला म्हणावं लागणार नाही."

नियमानं तिनं नोंद तिथंच बंद करायला हवी होती. मग तो आवाज पुन्हा कुठेच ऐकू आला नसता. आवाजामागे पंपाची संथ घरघर चालू होती.

"मग कधी रुजू होऊ, मॅडम?"

मृण्मयीनं उठून दार लावून घेतलं.

"अण्णा," ती म्हणाली, "या. माझ्याकडेच राहायला या."