मोनाची जुनी चाल

"मॅडम, सोमवारपातूर हिला वाकडं चालाय शिकवा," पिराजी म्हणाला.

वर्षाराणी हॉलच्या खिडक्या लावत होती. शनिवारचा जिम्नॅस्टिक्सचा वर्ग सुटला होता. बाकीची मुलं कुणी आईच्या कडेवर, कुणी कुबड्यांवर, कुणी चाकाच्या खुर्चीत अशी घरी गेली होती. आठ वर्षांची मोना तेवढी मागं राहिली होती. जमिनीवर ठेवलेल्या लाकडी पट्टीवरून ती दोन्ही हात पसरून चालत होती, टाच टेकवत, न पडता. जन्मापासून पाय आखडलेल्या या मुलीला एवढं यायला अडीच वर्षं लागली होती. आणि बाप म्हणत होता, वाकडं शिकवा.

"अपंगाच्या सर्टिफिकिटाची मुदत सपली. सोमवारी तपासणीला डाक्टरांचं बोर्ड हाय."

वर्षाराणी काय ते समजली. अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली आलं की मुलाचं नाव वर्गातून कमी, असा संस्थेचा नियम होता. ज्या कुणी शहाण्यानं तो कागदावर उतरवला, त्यानं असलं मूल व्यायामाशिवाय घरी बसलं की काय होतं ते कधी पाहिलं नसावं. गेल्या वर्षी वर्गातला अझीम पस्तीस टक्क्यांवर आला. त्याच्या वडिलांनी याच हॉलमध्ये पेढे वाटले. मग त्याचा वर्ग बंद झाला, पोरगं उंच होत गेलं, शिरा पुन्हा आखडल्या आणि आठ महिन्यांनी तोच अझीम आईच्या कडेवर बसून दारात आला. तोवर त्याची जागा भरली होती. रविवारी घरी येऊन शिकवीन, असा शब्द वर्षाराणीनं त्याच्या आईला दिला. दोनदा गेली. तिसऱ्या रविवारी काय काम निघालं ते तिला आता आठवतही नव्हतं, आणि त्याची तिला लाज वाटायची.

"मी घरी येऊन तिचा व्यायाम…"

"कोडोलीला? दोन तास यष्टीनं?" पिराजीनं विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्यानं नुसतं विचारलं.

तिनं शेवटची खिडकी लावली. मग म्हणाली, "पण हे खोटं आहे, पिराजीभाऊ."

"आज सरळ चालून दावली, तर वर्साभरात वाकडीच हुनार हाय. मग आजच वाकडी दावली तर खोटं काय झालं?"

"मग तुम्हीच सांगा तिला घरी."

"सांगितलं की. लंगडी घालतीया अन् हसतीया. बोर्डाचं डाक्टर काय खुळं हाईत व्हय? पयल्यांदा तुमच्याकडं आनली तवा चालायची, तसं पायजे. आमच्या ध्यानात न्हाय ऱ्हायलं त्ये. तुमच्याकडं हाय."

ते खरंच तिच्याकडं होतं. वर्गात आलेल्या प्रत्येक मुलाचा पहिल्या दिवसाचा व्हिडिओ ती मोबाईलवर काढून ठेवायची. वर्षभरानं आईबापांना दाखवला की त्यांचे डोळे भरून यायचे. मोनाचा शोधायला तिला वेळ लागला नाही.

ती मोनाजवळ खाली बसली. व्हिडिओत पिवळ्या फ्रॉकातली एक लहान पोर चवड्यांवर चालत होती, गुडघे एकमेकांवर घासत, दोन्ही हात छातीशी आवळून. मोनानं शेवटपर्यंत नीट पाहिलं.

"ही टाच टेकवत न्हाय," ती म्हणाली. "सांगा की हिला, मॅडम."

"तू आहेस ती."

"व्हय?" मोनानं परत लावायला सांगितलं आणि परत पाहिलं.

"आज आपल्याला असं चालायचंय."

"का?"

"डाक्टरास्नी दावायचं हाय," मागून पिराजी म्हणाला. मोनाला तेवढं पुरलं. कुठल्याही व्यायामाला ती आजवर नाही म्हणाली नव्हती.

पण जमेना. पाऊल आपोआप सरळ पडायचं. टाच आपोआप टेकायची. वर्षाराणी रोजच्याच आवाजात सूचना देऊ लागली. "टाच उचल. गुडघे आत. अजून आत घे. हात मोकळे सोडू नको." अडीच वर्षं ती याच्या बरोबर उलट ओरडत आली होती. तरी तिनं थांबवलं नाही, कारण मधेच थांबलं तर अर्धवट शिकलेलं काम सोमवारी लगेच उघडं पडलं असतं. पिराजी खिडकीकडं तोंड करून उभा होता.

सातव्या फेरीला मोनाचे गुडघे एकमेकांना घासले. आठव्या फेरीत ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तशीच गेली, चवड्यांवर, हात आवळून, दर पावलाला धाप टाकत.

"बघा," वर्षाराणी म्हणाली.

पिराजी वळला. मोना परत येईपर्यंत बघत राहिला. "अशीच हुती," तो म्हणाला, आणि टॉवेलनं तोंड पुसलं.

मोना घामानं निथळत होती. नवीन काही जमलं की व्हायची तशीच ती आताही खूश होती.

"मॅडम, मी पडून पन दावू? त्ये मला चांगलं येतंय."

वर्षाराणीनं पिराजीकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. मग तिनं कोपऱ्यातली जाड मॅट फरफटत आणली आणि मोनाच्या पुढ्यात पसरली.

"तिथं मॅट नसनार, मॅडम," पिराजी हळूच म्हणाला.

वर्षाराणीनं मॅट ओढून भिंतीला लावली.

"हं," ती मोनाला म्हणाली, "पड."