सडलेला ब्रेक

हणमंत शेलारने चाक उतरवलं आणि नाकाला रुमाल लावला. जिवंत मांसाचे हे ब्रेक झिजले की आपोआप भरून येत. पण दोन लाख किलोमीटरनंतर ते मरू लागत, तेव्हा बदलावेच लागत. ही गाडी तीन लाख धावली होती. ब्रेकमधून पू गळत होता.

"बदलायचा नाही, नुसतं अत्तर फवार," जुन्या गाड्या विकणारे त्याचे मालक पोतनीस म्हणाले. "गिऱ्हाईक बाहेर बसलंय. बाळंतिणीला घरी न्यायला गाडी हवीय त्याला."

हणमंतने वीस वर्षं असले ब्रेक उपसले होते, पण आज त्याने अत्तराला हात लावला नाही. तो बाहेर गेला आणि गिऱ्हाइकाला त्या उघड्या ब्रेकपाशी घेऊन आला.

"साहेब, जरा वाकून वास घ्या," तो म्हणाला.