नाव न घेता

वर्गातल्या यंत्राने गेलेल्या मास्तरांचं नाव घेतलं आणि मागच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या आर्लीनच्या अंगाचा तिळपापड झाला. नाव तिच्या नवऱ्याचं होतं आणि ते घेणारा आवाजही त्याचाच. तीस वर्षं त्याने अमेरिकेत ओक्लाहोमातल्या या शाळेत त्यांच्या आदिवासी जमातीची चॉक्टॉ भाषा शिकवली. तो गेला, आणि महिन्याभरात एका कंपनीने त्याच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून त्याचा आवाज या भिंतीवरच्या यंत्रात आणून बसवला.

"बंद करा ते!" ती कडाडली. "आमच्या घरात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत!"

यंत्र दाखवायला आलेला कंपनीचा इंजिनिअर हसला. "मग त्यांच्याबद्दल बोलायचं तरी कसं, मॅडम?"

"नुसतं 'माणूस' म्हणायचं आणि मागे एक छोटा प्रत्यय जोडायचा. ज्याच्याविषयी आपलं बोलणं झालंय, तोच माणूस. ऐकणाऱ्याला कळतं."

"तो प्रत्यय यंत्राला पाठ आहे. तुमच्या मिस्टरांच्याच रेकॉर्ड केलेल्या धड्यांतून शिकलंय ते. विचारून बघा ना!"

आर्लीन तरातरा पुढे गेली. यंत्रासमोर उभं राहून तिने चॉक्टॉत विचारलं, "त्या माणसाची काय गत केलीस रे तू?" प्रत्यय तिने दातओठ खात, ठासून जोडला होता.

पहिल्या बाकावरच्या मुलीने मान खाली घातली. कोणाबद्दल बोलणं चाललंय, हे सात वर्षांच्या पोरांनाही कळलं होतं.

तिच्या नवऱ्याच्या त्याच मऊ आवाजात यंत्राने विचारलं, "कोणत्या माणसाची?"